साडी, झंपर, कुर्ती आणि आपला बांधा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत गेली २२ वर्षं मी बायकांचे कपडे शिवते, त्यातली १४ वर्षं शिवणक्लासही घेते. दुपारी मशीन बंद असते तेव्हा मोबाइल वाजत राहतो. लातूर, नांदेड, जालना, बीडकडून येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते एकदाच लिहून ठेवले आहेत. तुमचा प्रश्न खाली असेल तर मेसेज करण्याआधी वाचा. तरी अडलं तर विचाराच.

१. माझा बांधा कोणता, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

टेप दुसरीच्या हातात द्या. स्वतःचं माप स्वतः घेताना हात वर जातो आणि सगळेच आकडे चुकतात. अंगावर रोजची ब्रा आणि एखादा पातळ कपडा असू द्या, स्वेटर किंवा जाड गाऊन नको. चार मापं लिहून काढा. खांदा पाठीमागून, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. छाती जिथे सगळ्यात भरलेली आहे तिथे. कंबर नाडी बांधतो तिथे नाही, बाजूला झुकल्यावर जिथे घडी पडते तिथे. आणि सीट, म्हणजे कुल्ल्यांचा सगळ्यात रुंद भाग.

सीट छातीपेक्षा तीन इंचांहून जास्त असेल तर बांधा खाली भरलेला. छाती सीटपेक्षा तितकी जास्त असेल तर वर भरलेला. दोन्ही जवळजवळ सारख्या आणि कंबर आठ-नऊ इंचांनी कमी असेल तर मध्ये बारीक. कंबरेत फारसा फरकच नसेल तर सरळ. कंबर छातीला गाठत असेल तर मध्ये भरलेला. झालं.

इंटरनेटवर यालाच सफरचंद, नासपती अशी नावं असतात. आमच्याकडे फळाचंच नाव द्यायचं तर मी सीताफळ म्हणेन. बालाघाटच्या डोंगरातून पाटी भरून आणा, दोन सारखी निघणार नाहीत. नावात अडकू नका, चार आकडे जपून ठेवा. खालच्या सगळ्या उत्तरांत तेच लागतात.

२. एवढं सगळं लक्षात राहत नाही. एकच नियम सांगा ना.

कपड्याची कड अंगाच्या सगळ्यात रुंद जागेवर संपू देऊ नका. बाही दंडाच्या सगळ्यात जाड भागावर संपली की दंड जाड दिसतो, दोन बोटं खाली नेली की दिसत नाही. कुर्ती सीटच्या रुंद भागावर संपली की बघणाऱ्याची नजर तिथेच थांबते. छाती भरलेली असेल आणि बाही नेमकी छातीच्या रेषेत संपत असेल, तर समोरून दोन्ही मिळून एकच रुंद पट्टा दिसतो. आरशासमोर उभ्या राहा आणि कपड्याच्या कडा कुठे कुठे येतात तेवढं बघा.

३. खांदे बारीक आहेत, खाली मात्र भरलेली आहे. रेडिमेड कुर्ती खाली बसली तर वर ढगळ, वर बसली तर खाली अडकते. काय घेऊ?

मराठवाड्यातून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. सरळ कटची कुर्ती घेणंच सोडा. ए-लाइन किंवा अनारकली घ्या. त्यात सीटचं माप आडवं येत नाही, म्हणून साइज खांदा आणि छाती बघून निवडता येतो. छाती-कंबर घरीही उसवून बारीक करता येते. खांदा मात्र बाही काढल्याशिवाय नीट होत नाही आणि ते काम रेडिमेडवर कुणी मन लावून करत नाही.

सरळ कुर्तीच आवडत असेल तर बाजूचा कट बघा. कट सीटच्या रुंद भागाच्या खाली सुरू झाला की कुर्ती तिथे अडकते, वर चढते आणि कंबरेवर गोळा होते. मग बाई दिवसभर खाली ओढत बसते. कट दोन इंच वर उसवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि निम्म्या बायांना वाटणारी ‘मला कुर्ती शोभत नाही’ ही अडचण तिथेच संपते.

वरच्या बाजूला थोडा भर दिला की तोल साधतो. बोट नेक, खांद्यावर काम, फुग्याची छोटी बाही, नाहीतर फिक्या पायजम्यावर गडद कुर्ती घालण्याऐवजी उलटं, म्हणजे वर फिका किंवा छापील रंग आणि खाली गडद. लेगिंगपेक्षा सरळ पॅन्ट बरी.

४. साडी नेसली की पोटच आधी दिसतं. शिफॉन नेसू का, बारीक दिसते म्हणतात.

शिफॉन, जॉर्जेट अंगाला चिकटतात, म्हणून जे झाकायचं तेच उघडं पडतं. सिल्क-कॉटनसारखं मध्यम वजनाचं आणि सरळ पडणारं कापड घ्या.

पण पोटाचा दोष निम्मा पोटाचा नसतोच. परकराची गाठ समोर, तिच्यावर निऱ्यांचा गठ्ठा, त्यावर पिन, आणि या सगळ्याची जाडी आपण पोटाच्या खात्यात टाकतो. परकर पट्टीचा शिवून घ्या आणि नाडीची गाठ बाजूला, हाडावर येऊ द्या. निऱ्या पाच-सहाच घाला, बाहेरच पिन लावून हाताने सपाट करा आणि बेंबीच्या किंचित डावीकडे खोचा. कोंबू नका, सरकवा. ब्लाउजची उंची इंच-दीड इंच वाढवा. पदर बारीक घड्या घालून खांद्यावर घेतला तर पोटाची बाजू उघडी राहते. खालची एक-दोन पदरी सुटी ठेवा आणि पोटावरून तिरकी जाऊ द्या.

घट्ट शेपवेअर परकराबद्दलही विचारणा होते. तीन तासांच्या कार्यक्रमाला ठीक आहे, तोही आपल्याच मापाचा. एक साइज कमी घेतला की वरच्या बाजूला वळी निघते आणि पोट होतं तिथून चार बोटं वर जातं. मेच्या उन्हात दिवसभर घालून घामोळं आलेल्या बाया माझ्याकडे येऊन गेल्या आहेत.

५. मी फार बारीक आहे. साडी खांबाला गुंडाळल्यासारखी दिसते.

महालक्ष्म्या बसवता ना घरी? त्या लोखंडी स्टँडला कुठे कंबर असते, कुठे कुल्ले? तरी आपण आत जुनं लुगडं गुंडाळतो, निऱ्या मोजून घालतो, प्रत्येक वळणाला पिन लावतो आणि तीन दिवस ती भरल्या अंगाची दिसते. तेच स्वतःवर करा. घेर असलेला सुती परकर घाला. कडक खळीची कॉटन, टिश्यू, ऑर्गन्झा ही फुगणारी कापडं तुमची आहेत, बाकीच्या त्यांना घाबरतात. निऱ्या जास्त घ्या, पदर मोकळा सोडा. मोठ्या बुट्ट्या, रुंद काठ बिनधास्त वापरा (उंची कमी असेल तर प्रश्न ८ आधी वाचा). ब्लाउजला चार टक्सचा (कापड अंगाला बसवायला शिवलेल्या चिमट्यांचा) साधा कट पुरतो, कटोरी (छातीला वाटीसारखा जोडलेला वेगळा तुकडा) घेऊ नका. रिकामी कटोरी चुरगळते.

६. जुना ब्लाउज मापाला देते तरी दरवेळी नवा ब्लाउज बिघडतोच. चूक माझी की टेलरची?

दोघांची. जुना ब्लाउज धुऊन ताणलेला असतो, कधीचा उसवलेला असतो, आणि त्यातल्या चुकाही मापाबरोबर पुढे जातात. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं ब्लाउजवर ब्लाउज ठेवून कापत होते. एका काकूच्या घरच्या लग्नाचे सात ब्लाउज एकाच चुकीसकट शिवले, तेव्हा शहाणी झाले. ती काकू अजून येते, पण कापायच्या आधी दर वेळी आठवण करून देते.

अंगावर माप द्या, आणि टेलरने ही मापं घेतली का ते बघा. खांदा, वरची छाती (काखेच्या रेषेत), पूर्ण छाती, छातीखालचा घेर, पुढची उंची, मागची उंची, मुंढा (बाही जोडतो तो काखेचा घेर), बाहीची लांबी आणि तिचा घेर, पुढचा-मागचा गळा, आणि खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतचं अंतर. शेवटचं माप बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. मग टक्सचं टोक भलतीकडेच उभं राहतं आणि बाईला वाटतं आपलंच अंग वाकडं.

पुढची उंची खांद्यावरून छातीच्या उंचवट्यावरून टेप नेऊन घ्यायची, सरळ हवेतून नाही. छाती भरलेली असेल तर मागच्या उंचीपेक्षा पुढची दोन-अडीच इंच जास्तही भरते. एवढा फरक धरला नाही तर ब्लाउज पुढून वर चढणारच.

आता मुंढा. हात वर होत नाही म्हणून बाया सांगतात, ‘काख जरा सैल करा.’ टेलर मुंढा खोल कापतो आणि हात आणखीच अडतो. कारण मुंढा जितका खोल, तितकं हात उचलताना अख्खा ब्लाउज बरोबर वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ हवा, सैलपणा बाहीच्या घेराला हवा. ट्रायल घेताना भाकरी थापल्यासारखे हात हलवा, एसटीची वरची दांडी धरल्यासारखा एक हात वर करा. त्यात ब्लाउज जागेवर राहिला तर पैसे द्या.

आणि माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड. बाजूच्या शिलाईला दोन्हीकडे इंच-दीड इंच माया ठेवायला सांगा. अंग काही दर वर्षी त्याच मापाचं राहत नाही. महागाच्या साडीतला ब्लाउजपीस एकदाच मिळतो. ऐंशी सेंटिमीटरच्या पिसात ४२ छातीचा, लांब बाहीचा ब्लाउज मायेसकट बसेलच असं नाही. तसं असेल तर बाही छोटी करा, माया कमी करू नका. कापड सुती असेल तर कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवून द्या.

७. छाती जड आहे. हुकांच्या मध्ये फट पडते, म्हणून ब्लाउज सैल करून घेतला तर पाठीत झोळ येतो.

तुमचं एकूण माप बरोबर आहे, वाटणी चुकली आहे. ४० छाती म्हटलं की पुढे वीस, मागे वीस असं कापलं जातं. जड छातीला पुढचा भाग मागच्यापेक्षा मोठा लागतो. टेलरला एवढंच सांगा, ‘पुढे वाढवा, मागे कमी करा.’ सगळीकडून सैल करणं हा यावरचा उपाय नाही.

कट कटोरी घ्या किंवा पूर्ण अस्तराचा प्रिन्सेस कट. हुकांमधलं अंतर कमी करा, सहाच्या जागी आठ हुक. गळा चौकोनी किंवा ‘व्ही’ बरा, बंद गळ्याने समोर एकच मोठा पृष्ठभाग तयार होतो. मागचा गळा फार खोल आणि खांदा रुंद, ही जोडी टाळा. खांदे घसरतात, मग नाडी आवळावी लागते आणि नाडी पाठीत रुतते. बाहीची लांबी ठरवताना प्रश्न २ बघा. आणि ज्या ब्रावर माप दिलं तीच ट्रायललाही घाला.

८. उंची ४ फूट १० इंच आहे. मोठ्या काठाची साडी नेसायचीच नाही का?

नेसा. पण आठ इंचांचा काठ तुमच्या पायापासून पोटरीच्या मध्यापर्यंत जातो आणि तिथे तुमचे दोन तुकडे पडतात. दोन-तीन इंचांचा काठ रोजसाठी. मोठा काठ नेसायचाच असेल तर काठ आणि अंग यांच्या रंगात फार फरक नको, आणि ब्लाउज साडीच्या रंगाचा घ्या, काठाच्या रंगाचा नको. कॉन्ट्रास्ट ब्लाउज कंबरेवर आणखी एक रेघ ओढतो. पदर बारीक घड्यांचा आणि मागे गुडघ्यापर्यंत लांब. चप्पल घालूनच साडी नेसा, म्हणजे काठ जमिनीला टेकायला अर्धा इंचच उरतो.

कुर्ती पोटरीपर्यंत लांब आणि खाली घोळदार प्लाझो, असं एकत्र घालू नका. दोन्हीपैकी एकच.

९. मी ५ फूट ८ आहे. प्रत्येक साडी वर राहते, घोटा दिसतो.

साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४४ ते ४८ इंच असतो. घ्यायच्या आधी टेपने मोजा, दुकानदार हसला तर हसू द्या. ४७च्या पुढची बघा. परकर बेंबीच्या खाली बांधा.

घरात आधीच असलेल्या साड्यांना एक युक्ती आहे. खोचायच्या कडेला, आतल्या टोकापासून साधारण तीन मीटर लांबीपर्यंत, चार इंच रुंद सुती पट्टी जोडून घ्या. पहिला वेढा आणि निऱ्या तेवढ्यात येतात, पट्टी आत खोचली जाते, बाहेर काही दिसत नाही. त्याच्या पुढे जोडू नका, तीच कड पुढे पदराला जाते. रंग जुळता घ्या म्हणजे निरी सुटली तरी लाज जात नाही.

१०. मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे, पैठणी नेसायची आहे आणि ऊन चाळिशीच्या वर. कसं निभवायचं?

पैठणी रेशमाची, काठ-पदर जरीचे. वजन असणारच, पण त्याचा एक फायदा आहे. खालच्या काठाच्या वजनाने साडी सरळ खाली पडते आणि भरलेल्या सीटवर फुगत नाही. म्हणून मी जड बांध्याच्या बायांनाही ती बिनधास्त नेसवते.

उकाड्याचा खरा त्रास ब्लाउजचा असतो. दुकानातून आणलेलं चकचकीत सिंथेटिक अस्तर काढून टाका. टू बाय टू किंवा मऊ सुती अस्तर लावा. काखेत घाम टिपणारं पॅड शिवून घ्या, जरीवर घामाचा डाग बसला की जात नाही. कोपरापर्यंतची बाही फोटोत छान दिसते, पण मंडपात कूलर लांब असेल तर पस्तावाल. चार-पाच इंचांची बाही ठेवा.

पदर जड असतो म्हणून खांद्यावर पिन लावताना ब्लाउजच्या आतून कापडाचा छोटा तुकडा घ्या आणि पिन त्यातून काढा, नाहीतर रेशीम फाटतं. अक्षता पडल्या, फोटो झाले की जेवणाच्या पंगतीआधी साडी बदलायला लाजू नका. पिशवीत एक सुती साडी ठेवा.

खरी-खोटी कशी ओळखायची हेही याच प्रश्नात येतं. हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, उलट्या बाजूला धाग्यांचं जाळं लटकत नाही. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. एकदा पैठणला जाऊन मागावर कशी विणतात ते बघून या, मग दुकानात कुणी फसवू शकणार नाही. सेमी पैठणी नेसण्यात काही कमीपणा नाही, फक्त पैसे सेमीचेच द्या.

११. आजीचं इरकल लुगडं नेसले की मी ढोलासारखी फुगते. आजी तर कशी चापून नेसायची!

आजीचं लुगडं शंभर वेळा धुतलेलं होतं. नवं इरकल खळीचं आणि घट्ट विणीचं असतं, ते चार-सहा धुण्यांनंतरच अंगाला धरतं. पहिल्यांदा गार पाण्यात एकटंच धुवा, लाल पदराचा रंग जायची भीती असते. वाळल्यावर खळ न देता इस्त्री करा.

इरकलचं अंग सुती आणि पदर वेगळ्या धाग्यांचा, दोन्ही मागावरच एकमेकांत गुंफलेले असतात. त्या जोडावर पिन लावू नका आणि तिथे पदर ओढूही नका. खणाचा ब्लाउज शिवणार असाल तर पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो. तुमचं माप ३८च्या पुढे असेल तर दोन खण घ्या.

१२. हिमरूचं जॅकेट शिवायचं आहे. जाड दिसेन का?

हिमरू म्हणजे सुती ताणा (उभे धागे) आणि रेशमी बाणा (आडवे धागे), आणि उलट बाजूला नक्षीचे सुटे धागे. त्यामुळे अस्तर लागतंच, आणि अस्तरासकट कापड जाड होतं. मध्ये भरलेल्या बांध्याला बिनबटणाचं, पुढून उघडं, सीटच्या खाली जाणारं जॅकेट चांगलं दिसतं. दोन उभ्या कडांच्या मध्ये आतली कुर्ती दिसते आणि पोटाची रुंदी तेवढीच वाटते. वर भरलेल्यांनी बिनबाहीचं घ्यावं. बारीक बांध्याला कंबरेपर्यंतचं आखूड. ज्यांना हे सगळं नको त्यांनी हिमरूची शाल घ्या, संभाजीनगरची ती जुनी ओळख आहे आणि शालीला माप लागत नाही.

१३. शिवलेली नऊवारी घ्यावी की नेसायची शिकावी? मांड्या जाड आहेत.

आमच्या शेताशेजारच्या म्हाताऱ्या नऊ वारांत, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापडात, निंदणी-खुरपणी करत आल्या. बारीक, जाड, गरोदर, सगळ्या एकाच कापडात. न शिवलेलं कापड सगळ्यांना होतं. तेव्हा शिकता आलं तर शिकाच.

शिवलेलीच हवी असेल तर आसनाचं (दोन पायांमधल्या भागाचं) माप बसून द्या, उभ्याने नको. बहुतेक शिवलेल्या नऊवारी आसनातच फाटतात, आणि त्याही नेमक्या फुगडीच्या वेळी. कंबरेला इलॅस्टिकऐवजी नाडी घ्या. मांड्यांसाठी कापड नरम हवं. कडक कापडाचा काष्टा मागे उभा राहतो.

१४. मी सावळी आहे, मला कोणते रंग चालतील?

सगळे. दुकानातल्या पांढऱ्या लाइटखाली ठरवू नका. लातूरच्या गंजगोलाईत असा की संभाजीनगरच्या गुलमंडीत, साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर या आणि उजेडात चेहऱ्याजवळ धरा. चेहरा आधी दिसला तर घ्या, साडी आधी दिसली तर ठेवा. गोऱ्या बाईलाही हीच परीक्षा.

१५. बाळंतपण होऊन तीन महिने झाले. एकही ब्लाउज होत नाही, नवे शिवू का?

दोनच शिवा, जास्त नको. पुढून पूर्ण उघडणारे, सुती, दोन्हीकडे दोन-दोन इंच माया ठेवलेले. माप दूध पाजून झाल्यावर घ्या, भरलेल्या छातीचं माप दोन तासांनी खोटं ठरतं. जुने ब्लाउज देऊन टाकू नका, उसवूही नका. बारशाला साडी नेसायचीच असेल तर सैल कुर्ती-ब्लाउजवर नेसा, चांगली दिसते. पोट आवळणारा परकर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका, सिझर झालं असेल तर मुळीच नाही.

१६. आईची पाठ वाकली आहे. तिचे ब्लाउज मागून वर जातात आणि पुढून गळ्यात येतात.

अशा पाठीला मागची उंची जास्त आणि पुढची कमी लागते, म्हणजे प्रश्न ६ मध्ये लिहिलं त्याच्या अगदी उलट. मागची उंची मानेच्या हाडापासून, तिला सवयीने उभी राहते तशीच उभी करून मोजा. ‘ताठ राहा आई’ म्हणू नका. मानेच्या मागे एक छोटा टक्स घेतला की गळा पाठीला धरतो. हुकांऐवजी टिचबटणं लावा, बोटं दुखणाऱ्यांना हुक जमत नाहीत. परकराला नाडीच ठेवा, पण रुंद.

१७. एका बाजूची छाती ऑपरेशनमध्ये काढली आहे. टेलरला सांगायची लाज वाटते.

क्लासमधल्या प्रत्येक मुलीला मी सांगते की हे ऐकून तोंड वाकडं करणारीने शिवणकाम करू नये. टेलर बाई असेल अशी जागा शोधा आणि एकच वाक्य बोला, ‘दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घ्या.’ बाकीचं तिला कळायला हवं. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच घट्ट काही शिवा. अस्तराच्या आत सुती खिसा शिवून घेतला की त्यात पॅड बसतं आणि सरकत नाही. मुंढ्याची शिलाई व्रणावर येत असेल तर तिथे मऊ पट्टी लावा. पुढून हुक हवेत, कारण त्या बाजूचा हात मागे नेणं बरेच महिने अवघड जातं. पदर ज्या खांद्यावर हवा त्या खांद्यावर घ्या.

एक खांदा जन्मतः किंवा अपघाताने खाली असेल त्यांनाही हेच. दोन मापं, आणि खालच्या खांद्याला अस्तरात पातळ पॅड.

१८. वेळा अमावस्येला शेतात जायचं असतं. नवी साडी नेसावी म्हणतात, पण ढेकळांत काय नेसणार?

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येलाच, मी स्वतः सुती साडी घोट्याच्या वर नेसते आणि खाली सलवार घालते. काटेकुसळं अडकतात म्हणून जाळीचं, लोंबत्या गोंड्यांचं काही नको. आंबील सांडतेच, म्हणून फिका रंगही नको. स्कूटीवरून जाणार असाल तर पदर कमरेला पूर्ण खोचून पिन लावा, चाकात जातो. ऑफिसला रोज साडी नेसून स्कूटी चालवणाऱ्यांनाही हेच उत्तर.

१९. सासूबाई म्हणतात, ‘एवढ्या अंगाला कुर्ती शोभत नाही, साडीच नेस.’ काय सांगू त्यांना?

त्यांनाही एक शिवून द्या. माझ्याकडे अशा चार सासवा येतात आता.

२०. ऑनलाइन एका ठिकाणी मला एल बसते, दुसऱ्या ठिकाणी डबल एक्सएल. मी नेमकी कोण?

तुम्ही तुमचे चार आकडे आहात. एल, एक्सएल ही अक्षरं प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने लावते. मापाचा तक्ता उघडा आणि तो कपड्याचं माप सांगतो की अंगाचं, ते आधी वाचा. कपड्याचं असेल तर तुमच्या छातीपेक्षा तीन-चार इंच जास्त असलेलं घ्या. ताणणारं कापड असेल तर कमी चालेल. सगळ्यात मोठ्या मापाप्रमाणे साइज घ्या आणि बाकीचं आत घ्यायला लावा. अपवाद फक्त प्रश्न ३ मधल्या अरुंद खांद्यांचा.

२१. फोटो पाठवला तर शोभतंय का सांगाल?

सांगेन. पण आरशातला सेल्फी नको, त्यात एक हात वर असतो आणि ब्लाउज तिरका दिसतो. दुसऱ्याला काढायला लावा, मोबाइल कमरेच्या उंचीवर धरून. वरून काढला की पाय आखूड दिसतात. समोरून, बाजूने, पाठीमागून आणि एक हात वर करून, असे चार. सकाळचा उजेड, चप्पल घातलेली, पोट आत ओढलेलं नाही. फोटोखाली चार मापं लिहा. आणि नवा कपडा असेल तर किमतीची चिठ्ठी काढू नका, बदलायला सांगितलं तर दुकानदाराला दाखवावी लागेल.